श्रेणी बदलत गेली, गाव तेच राहिले

श्रोतेहो, नमस्कार.

जर्मन फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड या दोन नावांपाशी बोलणे येऊन थांबते. आज मी ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, तो यांपैकी कोणत्याच संघाचा नव्हता. जर्मनीच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे बुंडेसलीगात, तो एकही सामना खेळला नाही. त्याचे नाव मार्क श्नाटरर. मधल्या फळीतील या खेळाडूने हायडेनहाइम या गावाच्या संघासाठी तेरा हंगामांत चारशेहून अधिक सामने खेळले आणि शंभराहून अधिक गोल केले.

त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी तिथली रचना थोडक्यात सांगायला हवी. बुंडेसलीगाच्या खाली दुसरी बुंडेसलीगा, तिच्या खाली २००८ साली सुरू झालेली देशव्यापी तिसरी लीग आणि तिच्याही खाली प्रादेशिक लीगा असतात. या सर्व श्रेणींमध्ये बढती आणि घसरण आहे. आपल्या मुंबईच्या कांगा लीगमध्ये खालच्या गटातला क्लब चांगला खेळला तर वरच्या गटात जातो आणि वाईट खेळला तर खाली येतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की तिथे श्रेणीबरोबर खेळाडूंचे पगार, दूरचित्रवाणीचे उत्पन्न आणि क्लबचे भवितव्यही वरखाली होते. चौथ्या श्रेणीतले अनेक खेळाडू शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळतात, तर दुसऱ्या श्रेणीत फुटबॉल हाच पूर्ण वेळचा पेशा असतो. त्यामुळे खालच्या श्रेणीत खेळणाऱ्या तरुणापुढे साधारणपणे एकच मार्ग दिसतो, आणि तो म्हणजे उत्तम हंगाम खेळायचा आणि वरच्या श्रेणीतल्या क्लबने बोलावले की सामान बांधायचे.

श्नाटररच्या बाबतीत खेळाडू जागेवर राहिला आणि क्लबच वर चढत गेला. त्याचा जन्म १९८५ साली हाइलब्रॉन येथे झाला. फ्रायबर्गचा छोटा क्लब आणि मग कार्ल्सरुहेचा दुय्यम संघ असा प्रवास करून तो २००८ च्या उन्हाळ्यात हायडेनहाइमला आला. मोठ्या क्लबच्या दुय्यम संघात खेळणाऱ्या मुलाला मुख्य संघाचे दार समोर दिसत असते. पण ते उघडेलच याची खात्री नसते, आणि तेवीस-चोवीस वर्षांचा झाला की त्याच्या जागेवर पुढची तुकडी येऊन उभी राहते. ज्या क्लबात आपली खरोखर गरज आहे अशा ठिकाणी जाणे हा त्यावरचा शहाणपणाचा उपाय होता, असे मला वाटते, जरी तो क्लब तेव्हा चौथ्या श्रेणीत असला तरी.

हायडेनहाइम हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, श्वेबिश आल्ब या डोंगराळ पठारावर, श्टुटगार्टच्या पूर्वेला आहे. (श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी शहरे आहेत, हे जाता जाता सांगतो.) कागदाची यंत्रे आणि जलविद्युत टर्बाइन बनवणारी फोइट ही कंपनी याच गावची आणि मैदानालाही तिचेच नाव आहे. किल्ल्याच्या टेकडीवरचे हे मैदान समुद्रसपाटीपासून ५५५ मीटर उंचीवर असून त्यात जेमतेम पंधरा हजार प्रेक्षक मावतात. संघाचे प्रशिक्षक फ्रँक श्मिट याच गावात जन्मले आणि त्यांनी २००७ साली संघाची सूत्रे हाती घेतली. जिथे दोन-चार पराभवांनंतर प्रशिक्षकाला घरी पाठवण्याची रीत आहे, तिथे हा माणूस एकाच जागी टिकला, आणि श्नाटररच्या टिकून राहण्यामागे ही स्थिरता मोठी होती, हे विसरता येणार नाही.

श्नाटरर आला त्याच हंगामात, २००९ साली, संघ तिसऱ्या लीगमध्ये गेला. पुढची पाच वर्षे त्या श्रेणीत गेली. तिसरी लीग ही तशी कठीण जागा आहे: प्रवास देशभराचा, प्रतिस्पर्ध्यांमध्ये एके काळचे नावाजलेले क्लब आणि उत्पन्न मात्र वरच्या श्रेणीच्या मानाने तुटपुंजे. २०१४ मध्ये हायडेनहाइमने ही लीग जिंकली आणि क्लब इतिहासात प्रथमच दुसऱ्या बुंडेसलीगात पोहोचला. तिथल्या पहिल्याच हंगामात संघाने आठवा क्रमांक मिळवला.

या खेळाडूचा खेळ पाहताना दोन गोष्टी लगेच लक्षात येत. तो उजव्या पायाचा, पण बहुधा डाव्या बगलेवर खेळणारा. त्यामुळे चेंडू घेऊन तो रेषेलगत सरळ पळण्याऐवजी आत वळे आणि उजव्या पायाने गोलच्या दूरच्या कोपऱ्याकडे फटका मारी. बचावपटूंना हे ठाऊक असूनही अडवणे जमत नसे, कारण त्याच जागेवरून तो कधी कधी चेंडू गोलसमोर नेमका उचलूनही टाकत असे. दुसरी गोष्ट म्हणजे थांबलेल्या चेंडूवरची हुकमत. कॉर्नर असो की फ्री किक, चेंडूपाशी जाणारा तोच. ज्या संघाकडे महागडे आघाडीवीर विकत घ्यायला पैसे नसतात, त्या संघासाठी हे कौशल्य फार मोलाचे असते; एरवी बंद झालेला सामनाही एका अचूक कॉर्नरने फिरवता येतो. अनेक वर्षे तो संघाचा कर्णधारही होता.

अव्वल संघांसमोर त्याची परीक्षा झाली ती जर्मन चषक स्पर्धेत. २०१९ च्या फेब्रुवारीत हायडेनहाइमने बुंडेसलीगातल्या लेव्हरकुसेनला २-१ ने हरवले आणि ३ एप्रिल रोजी उपांत्यपूर्व फेरीसाठी संघ म्युनिकला गेला. बाराव्या मिनिटाला बायर्नने आघाडी घेतली, पण पंधराव्या मिनिटाला त्यांचा बचावपटू निक्लास झ्युले लाल कार्ड मिळून बाहेर गेला. हायडेनहाइमच्या ग्लाट्सेलने बरोबरी साधली आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला श्नाटररने गोल करून मध्यंतराला दुसऱ्या श्रेणीतल्या या संघाला २-१ ने पुढे ठेवले. मध्यंतरानंतर बायर्नने तीन गोल केले, हायडेनहाइमने पुन्हा ४-४ अशी बरोबरी गाठली आणि अखेर बायर्नच्या लेवांडोव्स्कीच्या पेनल्टीवर सामना ५-४ असा निसटला. म्युनिकमध्ये बायर्नला चार गोल खावे लागले, ही गोष्ट त्या वर्षी जर्मनीत बराच काळ चर्चेत होती.

पुढच्याच हंगामात बुंडेसलीगा अगदी हाताशी आली. दुसऱ्या श्रेणीत तिसरा आलेला संघ वरच्या श्रेणीत शेवटून तिसरा आलेल्या संघाशी दोन सामने खेळतो, आणि २०२० च्या जुलैमध्ये हायडेनहाइमची गाठ वेर्डर ब्रेमेनशी पडली. करोनामुळे प्रेक्षकांविना झालेला ब्रेमेनमधला सामना ०-० असा सुटला, हायडेनहाइममधला २-२ असा. दोन्ही सामन्यांत संघ हरला नाही, तरीही परक्या मैदानावरील गोलांच्या नियमाने, म्हणजे एकूण गोल सारखे असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ जिंकतो या नियमाने, ब्रेमेन बुंडेसलीगात राहिला. पुढे २०२१-२२ च्या हंगामापासून हा नियम या लढतींसाठी रद्द करण्यात आला. नियम रद्द झाला ते योग्यच झाले. पण श्नाटरर तोवर पस्तिशीत पोहोचला होता आणि अशी संधी त्याला पुन्हा मिळाली नाही.

२०२१ मध्ये तो हायडेनहाइम सोडून वाल्डहोफ मॅनहाइमकडे, म्हणजे पुन्हा तिसऱ्या लीगमध्ये गेला. ज्याने क्लबला दोन पायऱ्या वर नेले, त्याला तिसऱ्या पायरीपर्यंत ठेवायला हवे होते, असे म्हणणारे त्या गावात पुष्कळ असतील. माझे मत थोडे वेगळे आहे. जो क्लब इतकी वर्षे हिशेबाने चालला, त्याने या एका बाबतीतही हिशेबच केला, आणि त्याच हिशेबाच्या सवयीमुळे श्नाटररला तिथे तेरा वर्षे खेळायला मिळाले होते.

२८ मे २०२३ रोजी दुसऱ्या बुंडेसलीगाच्या शेवटच्या दिवशी हायडेनहाइमचा संघ रेगेन्सबुर्गमध्ये दोन गोलांनी मागे पडला होता. तिकडे आपला सामना जिंकलेल्या हॅम्बुर्गचे पाठीराखे बढती मिळाली असे समजून मैदानात उतरले होते. एक गोल फेडल्यावर भरपाई वेळेत यान-निक्लास बेस्टेने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि शेवटच्या क्षणी टिम क्लाइनडीन्स्टने तिसरा गोल केला. हायडेनहाइम केवळ वर गेले नाही, तर गोलफरकावर डार्मश्टाटला मागे टाकून श्रेणीचे विजेते ठरले. थांबलेला चेंडू घेण्याचे जे काम एके काळी श्नाटररचे होते, ते आता बेस्टेकडे होते. श्नाटरर त्या हंगामात तिसऱ्या लीगमध्ये, मॅनहाइमच्या संघात होता.

नमस्कार.