दुसरं पाकीट

यवतमाळ जिल्हा. कापूस वेचणीचे दिवस. मजुरी किलोवर, त्यामुळे दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही. ही बाई तालुक्याला आली ती बाजाराच्या दिवशी. पिशवीत वांगी, मिरच्या आणि तळाशी घडी घातलेला केसपेपर. चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर ती बोलली.

"अंगावरून पांढरं जाते," एवढंच तिनं सिस्टरला सांगितलं. दोन वर्षं चाललं होतं. घरचे उपाय झाले, गावात येणाऱ्या डॉक्टरच्या सुया झाल्या. आतून तपासलं कुणीच नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत साडेसहाशे बायका तपासल्या, तेव्हा शंभरात ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं १९८९ साली. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के.

हिची आज झाली. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्तही घेतलं, दोन्ही निगेटिव्ह.

सरकारी दवाखान्यात लैंगिक आजारांची औषधं पाकिटाच्या रंगावरून ओळखतात. हिला मिळालं करड्या रंगाचं. आत दोनच गोळ्या: ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. गोनोरिया असो की क्लॅमिडिया, संबंधातून पसरणाऱ्या या दोन्ही आजारांना डोस एकदाच.

"कोणत्या गोळीची रिॲक्शन आली होती का कधी? नाही ना? मग घ्या इथंच, माझ्यापुढं."

मग सिस्टरनं तसंच दुसरं पाकीट काढलं. "हे घरधन्यासाठी. अन् सात दिवस जवळ यायचं नाही."

ते पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यात पडून राहिलं.

"मले काय झालं? मी काऊन गोळ्या खाऊ?"

त्रास त्याला खरंच नव्हता. पुरुषाला लागण असून काहीच जाणवत नाही, असं होतं. सात दिवस काही पाळले गेले नाहीत. महिन्याभरात लागण त्याच्याकडून परत आली, हिचं पुन्हा सुरू. पुन्हा बाजाराचा दिवस, पुन्हा तोच केसपेपर.

या खेपेला तो आला, पण फाटकापर्यंतच. आत ओळखीचं कोणी भेटलं तर? शेवटी सिस्टरच बाहेर गेली, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास. त्यानं गाडी बंदही केली नाही. रिॲक्शनचं विचारलं, त्यानं नाही म्हणून मान हलवली, गोळ्या गिळल्या, गिलास परत दिला.

ती पिशवी सावरत मागं बसली.