‘अग्रगण्य उत्पादक’ या दोन शब्दांमागची फाउंड्री

(शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. सकाळचे साडेसात. भट्टीचा घुमणारा आवाज.)

पुणे-बंगळूर महामार्ग सोडून शिरोलीच्या एमआयडीसीत वळलं की आधी वास येतो. भाजलेल्या वाळूचा, कोळशाच्या भुकटीचा. फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, या शेडमध्ये इंडक्शन भट्टीतलं लोखंड चौदाशे अंशांच्या वर गेलंय. थोड्या वेळात ते लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, येईल आणि तिथून वाळूच्या साच्यांत.

कोल्हापूरला हे काम नवं नाही. शेतीपंपांची ऑइल इंजिनं, उसाचे चरक घडवता घडवता उद्यमनगरच्या गल्ल्यांमध्ये इथल्या माणसांचा हात ओतकामावर बसला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातलं कास्टिंग, म्हणजे ओतून घडवलेला भाग, ट्रॅक्टरांत, ट्रकांत, पंपांत बसतं.

पॅटर्नशॉपमध्ये मामा भेटतात. तीस वर्षं याच कामात. हातात पंपाच्या केसिंगचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा, लाकडी पॅटर्न आहे. वाळूत साचा पाडतात तो यावरूनच. एका जाड कडेवरून अंगठा फिरवत ते सांगतात:

“ह्यो भाग जाड हाय बघा. ह्यो सगळ्यात शेवटी गार हुतोय. आन् गार हुताना लोखंड आटतंय. मग त्याला वरनं पाजाय लागतंय. न्हाई पाजलं तर आत पोकळी ऱ्हाती. आन् ती कवा कळती? गिऱ्हाइकानं मशिनवर लावल्यावर.”

पाजण्यासाठी वर जो जादा साठा ठेवतात, तो रायझर. तो कुठे ठेवायचा, केवढा ठेवायचा, यावर नग पास होणार की भंगारात जाणार हे ठरतं. मामांना ते पॅटर्न हातात घेतल्याबरोबर कळतं.

आता याच कंपनीची वेबसाइट उघडू या.

(लॅपटॉपचा पडदा. एकामागून एक सरकणारी मोठी चित्रं.)

पहिल्या चित्रात पांढरं हेल्मेट घातलेला, हातावर हात बांधून हसणारा एक परदेशी इंजिनिअर. तो शिरोलीला कधी आलेला नाही. दुसऱ्या चित्रात काचेची उंच इमारत. तीही इथली नाही. खाली मजकूर:

“आम्ही दर्जेदार कास्टिंगचे अग्रगण्य उत्पादक, पुरवठादार व निर्यातदार आहोत. अत्याधुनिक तंत्रज्ञान आणि अनुभवी मनुष्यबळाच्या जोरावर आम्ही ग्राहकांना सर्वोत्तम सेवा देतो. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.”

हीच वाक्यं मी सर्चमध्ये टाकून पाहिली. पाइप बनवणाऱ्यांकडे सापडली, फर्निचरवाल्यांकडे सापडली, मसाले विकणाऱ्या एका कंपनीकडेही सापडली. फक्त ‘कास्टिंग’च्या जागी दुसरा शब्द. जे वाक्य मसाल्यालाही चालतं आणि पंपाच्या केसिंगलाही, ते दोघांपैकी कोणाबद्दलच काही सांगत नाही.

आणि जे सांगायला हवं, ते पानावर कुठेच नाही. किती किलोपर्यंतचा नग ओतता? ओतीव लोखंडातलं ग्रे आयर्न की एसजी आयर्न? कुठल्या ग्रेडमध्ये? पॅटर्न तुम्ही करता की गिऱ्हाइकाने आणायचा? मशिनिंग करून देता का? सॅम्पल किती दिवसांत मिळेल? खरेदी खात्यातला माणूस पहिल्या फोनवर हेच प्रश्न विचारतो. उत्तरं मालकांना तोंडपाठ आहेत.

मग ती वेबसाइटवर का आली नाहीत?

मालकांनी मला सगळं मोकळेपणाने सांगितलं. ओळखीतला एक मुलगा साइट करून द्यायला तयार झाला. पाच पानं, एक वर्षाचं डोमेन, असं पॅकेज. त्याने विचारलं, “काका, मजकूर?” आणि काका म्हणाले, “तूच टाक की काहीतरी. बाकीच्यांच्या साइटा बघ.” मुलाने बघितल्या. त्या बाकीच्यांनीही आणखी कोणाच्या तरी बघितलेल्या होत्या.

त्या मुलाला दोष देणं मला पटत नाही. त्याला फाउंड्रीत कोणी फिरवलं नाही. मामांशी त्याची गाठ घालून दिली नाही. त्याच्याकडे आधीपासून तयार चौकटी होत्या: इथे शीर्षक, इथे तीन ओळी, इथे चार गोल चिन्हं. चौकट आधी ठरली, मग तिच्यात बसेल तेवढं भरलं. एका साइटवर तर ‘आमची दूरदृष्टी’ या मथळ्याखाली मला लोरेम इप्सम तसंच राहिलेलं दिसलं. इसवी सनापूर्वी ४५ मध्ये सिसेरोने लिहिलेल्या लॅटिन ग्रंथाची ती मोडतोड, डिझाइनची जागा भरण्यापुरती वापरतात. ते पान लोकांसमोर होतं आणि कंपनीतल्या कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आपलंच पान आपण वाचत नाही, ही गोष्ट मला खोट्या फोटोपेक्षाही जास्त लागते.

बढाईचा मजकूर वाचणाऱ्याला किती महागात पडतो, हे १९९७ मध्येच मोजून झालंय. याकोब नील्सन आणि जॉन मोर्क्स या वेबच्या वापराच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनाची माहिती देणारी एक साइट पाच तऱ्हांनी लिहिली. पहिली तऱ्हा जाहिरातीच्या भाषेतली. दुसरीत शब्द निम्मे केले. तिसरीत मुद्दे नजरेला सापडतील असे मांडले. चौथीत नुसती बढाई काढून टाकली, बाकी सगळं तसंच. पाचवीत तिन्ही सुधारणा एकत्र. बढाई काढल्यानेच साइट वापरायला २७ टक्के सोपी झाली. शब्द निम्मे केल्यावर ५८ टक्के. तिन्ही एकत्र केल्यावर १२४ टक्के. नील्सन यांनी कारण दिलं ते साधं आहे: वाचणाऱ्याला फुशारकी बाजूला करून खरं काय ते शोधावं लागतं आणि त्यात त्याचं डोकं खर्ची पडतं. त्याच काळातल्या त्यांच्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळत होते. शब्द न् शब्द वाचणारे होते १६ टक्के.

(पडद्यावर ‘मराठी’ असं बटण. ते दाबलं जातं.)

या साइटला मराठी पानही आहे, हे पाहून मला बरं वाटलं होतं. शेजारच्या गावातून येणारा मोल्डर, भंगार पुरवणारा, टेम्पोवाला, नोकरीसाठी चौकशी करणारी आयटीआयची मुलगी, यांच्यासाठी ते हवंच.

पान उघडलं. ‘होम’च्या जागी ‘घर’. कोटेशन मागवायच्या बटणावर ‘एक कोट मिळवा’. आणि कच्च्या मालाच्या यादीत पहिलाच शब्द, ‘डुक्कर लोखंड’.

मूळ शब्द पिग आयर्न, म्हणजे भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड. भट्टीवरचा प्रत्येक माणूस त्याला ‘पिग’ म्हणतो. मशीनने त्याचं भाषांतर केलं आणि ते कोणी वाचून पाहिलं नाही. ‘कोर’चा ‘गाभा’ झाला, ‘पॅटर्न’चा ‘नमुना’. मामांना मी ते पान मोबाइलवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हे आमचं न्हवं.” मग फोन परत दिला.

तीस वर्षं ज्या भाषेत माणूस लोखंडाशी बोलला, त्या भाषेतलं त्याच्या कंपनीचं पान त्याला परकं वाटावं, हे मला सहन होत नाही. फाउंड्रीची मराठी तयार आहे. बॉक्स, रनर, रायझर, फेटलिंग हे शब्द आता आपलेच आहेत, आणि ‘ओतणं’, ‘आटणं’, ‘पाजणं’ तर होतेच. ती फक्त लिहून घ्यायची होती.

आता अक्षरांकडे जरा जवळून बघा.

(पडद्यावरचं शीर्षक मोठं होत जातं.)

बॅनरवरचा हा शब्द ‘निर्मिती’ आहे. पहिली वेलांटी न च्या उजवीकडे जाऊन बसलीये. रफार सुटलाय, पाय मोडका र वेगळाच उभा आहे. चित्र बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सुरू न करता मजकूर चिकटवला की असं होतं. खालच्या मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलंय. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं. त्याखालच्या ओळींत दोन ओळींमधली जागा इतकी कमी की वरच्या मात्रा कापल्या गेल्यात.

‘आमच्याविषयी’चा अख्खा परिच्छेद तर फोटो आहे. अक्षरं निवडता येत नाहीत, शोधता येत नाहीत, मोबाइलवर मुंगीएवढी होतात. यालाही कारण आहे. कंपनीचं जुनं माहितीपत्रक ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं, तो युनिकोडचा, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षर-संकेताचा, नव्हता. जुन्या फॉन्टांमध्ये प्रत्येकाचा संकेत वेगळा, त्यामुळे तो मजकूर वेबवर चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी उमटते. साइट करणाऱ्याने माहितीपत्रकाचा फोटो काढून लावला आणि वेळ मारून नेली. वास्तविक युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे देखणे देवनागरी फॉन्टही फुकट आहेत.

एक बारीक गोष्ट, माझ्या फार आवडीची. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती याची एक नोंद असते. पुष्कळ मराठी पानांवर तिथे इंग्रजीच लिहिलेलं सापडतं. तिथे मराठी लिहिलं, की नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ल आणि श आपोआप मराठी वळणाचे दाखवतो. पाकळीचा ल, देठाचा श. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातला आग्रह याच वळणाचा आहे. एका शब्दाची नोंद, पण तिच्यामुळे पान डोळ्यांना घरचं वाटतं. शिवाय वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कळतं की आता मराठीत बोलायचंय.

(पडदा काळा. फक्त यांत्रिक आवाज: “ग्राफिक. ग्राफिक. लिंक. ग्राफिक.”)

हा माझा मित्र. जन्मापासून दृष्टिहीन, पुण्यात एका कार्यालयात नोकरीला. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, तो वापरतो. मी त्याला हीच साइट उघडायला सांगितली. त्याने काय ऐकलं, ते तुम्ही आत्ता ऐकलंत. फोटोतल्या परिच्छेदाचा त्याला एक शब्दही मिळाला नाही. ज्यांना दिसतं, त्यांच्यासाठीही पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं होती. वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक एवढा उजळपणाचा फरक मागितलाय. या निकषांची पहिली आवृत्ती १९९९ ची. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवायसी करताना अडलेल्या ॲसिडहल्ला पीडित आणि दृष्टिहीन नागरिकांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

आणि पत्ता? ‘संपर्क’ पानावर नुसता एक फॉर्म. तो भरला की कुठे जातो, हे मालकांनाही ठाऊक नव्हतं. साइट करणाऱ्या मुलाच्या जुन्या ईमेलवर जात असावा, असा त्यांचा अंदाज.

कंपनी (इनकॉर्पोरेशन) नियम, २०१४ मधला नियम २६ सांगतो की नोंदणीकृत कंपनीची वेबसाइट असेल, तर तिच्या पहिल्याच पानावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन हा कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, ईमेल आणि चौकशी-तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्या माणसाचं नाव हवं. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या धंद्याला हा नियम लागू नाही, पण ही कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. सीआयएन एकवीस अक्षर-अंकांचा असतो. त्यात राज्य वाचता येतं, नोंदणीचं वर्ष वाचता येतं, उद्योगाचा प्रकारही कळतो. ‘अग्रगण्य’ या शब्दाहून कितीतरी जास्त माहिती त्या एका ओळीत आहे, आणि नेमकी तीच ओळ पानावर नव्हती.

(फाउंड्रीचं ऑफिस. टेबलावर चहाचे कप, एक वही.)

मग एका दुपारी आम्ही बसलो. मालक, त्यांची कामात आलेली मुलगी, मामा आणि मी. मामा आधी दारातच उभे होते. “मी काय सांगनार त्यात,” म्हणाले. मुलीने खुर्ची ओढून दिली. “मामा, बसा. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

मी फक्त प्रश्न विचारले. गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं? कुठल्या कामाला तुम्ही नाही म्हणता? नग परत आला तर काय करता? मालक थोडे बिचकले. नाही म्हणतो ते कशाला लिहायचं? मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्याला न जमणाऱ्या कामाचे फोन घेण्यात माझी सकाळ जाते.” ते लिहायचं ठरलं.

परदेशी इंजिनिअरचा फोटो निघाला. त्याच्या जागी याच शेडमधला, लोखंड ओततानाचा. फोटोतल्या दोघा कामगारांना आधी विचारलं. फोनच्या आकड्याशेजारी मुलीने स्वतःचं नाव घातलं. ‘डुक्कर लोखंड’ गेलं, ‘पिग आयर्न’ आलं.

पहिल्या पानाच्या मराठी मजकुराची सुरुवात आता अशी आहे:

“आम्ही पंप आणि ट्रॅक्टरसाठी ग्रे आयर्न व एसजी आयर्नचं कास्टिंग ओततो. २ किलोपासून ८० किलोपर्यंतचा नग. पॅटर्न आमच्याकडेच बनतो. ॲल्युमिनियम आम्ही करत नाही.”

पान तयार झाल्यावर मुलीने ते मामांना मोबाइलवर दाखवलं. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेले. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“ऐंशी न्हवं. पंच्याऐंशी कर. परवाच वतलाय.”

(भट्टी तिरकी होते. लॅडलमध्ये लोखंड उतरतं.)