महायुद्ध शिकवायचं तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून

नमस्कार श्रोतेहो.

पहिलं महायुद्ध हा घटक शिकवायला घेतला, की बहुतेक टाचणांची पहिली ओळ ठरलेली असते: महायुद्धाची कारणे. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद. फळ्यावर चार मुद्दे, वहीत चार मुद्दे, उत्तरपत्रिकेत तेच चार मुद्दे. मुद्दे चुकीचे नाहीत हो. पण ते वाचून मुलांची समजूत होते, की युद्ध व्हायचंच होतं आणि ते झालं. कोणी ठरवलं, कोण कचरलं, कोणाला माघार घ्यावीशी वाटली, याचा पत्ताच लागत नाही. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कारणांपासून सुरुवात करू नका. 1914 सालच्या जुलै महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरुवात करा. कारणं मागून येतात, आपली आपण येतात.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊकच आहे. 28 जून 1914 ला सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची हत्या झाली. गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप अवघा 19 वर्षांचा. बरोबर एका महिन्याने, 28 जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. एवढं सांगायला अर्धी तासिका पुरते. इथे थांबायचं. पुढे काय झालं ते मुलांना सांगायचं नाही.

आता माझ्या एका वर्गात काय झालं ते ऐका. मला ही हकिगत सांगायला फार आवडते.

आम्ही बाकं जोडून सहा राजधान्या केल्या. व्हिएन्ना, बेलग्रेड, सेंट पीटर्सबर्ग, बर्लिन, पॅरिस आणि लंडन. प्रत्येक ठिकाणी एक सत्ताधीश, एक परराष्ट्रमंत्री, एक सेनापती. नियम असा, की दुसऱ्या राजधानीशी बोलायचं ते फक्त तारेने. चिठ्ठी लिहायची, तारवालीच्या हातात द्यायची, आणि ती काही मिनिटं थांबूनच ती पोचवणार. देशातल्या देशात मात्र टेलिफोन चालेल. त्यासाठी घरातले जुने, बंद पडलेले फोन आणले होते.

पहिल्या दोन तारा मी खऱ्याच दिल्या, त्यांचा आशय सोप्या मराठीत उतरवून. 29 जुलैच्या मध्यरात्रीनंतर रशियाचा झार निकोलस जर्मनीच्या सम्राटाला, विल्हेल्मला, तार करतो: तुझ्या मित्राला, ऑस्ट्रियाला, आवर, मला मदत कर. आणि जवळपास त्याच सुमाराला विल्हेल्मची तार निकोलसकडे निघते. दोन्ही तारा वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. दोघे नातेवाईक. खाली सह्या काय, तर निकी आणि विली!

पीटर्सबर्गच्या बाकावर झार झालेली मुलगी स्वभावाने शांत, फारशी न बोलणारी. तिच्या सेनापतीने तिच्यापुढे कागद सरकवला: संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम. तिने सही केली. थोड्या वेळाने विलीची दुसरी तार आली, की तुझी लष्करी हालचाल पाहून ऑस्ट्रिया भडकेल, मग मला मध्यस्थी करणं कठीण होईल. मुलीने ती तार दोनदा वाचली, फोन उचलला आणि सेनापतीला म्हणाली, "हुकूम मागे. फक्त ऑस्ट्रियाच्या बाजूचं सैन्य हलवा." लंडनच्या बाकावर टाळ्या पडल्या.

सेनापती झालेला मुलगा लालबुंद. "असं अर्धं हलवता येत नाही! गाड्यांचं वेळापत्रक एकच आहे. आता थांबलो आणि जर्मनी आधी तयार झाली तर?" परराष्ट्रमंत्रीही त्याच्या बाजूचा. दोघांनी मिळून तिला पटवलं. खूप वेळ लागला, पण तिने पुन्हा सही केली. आणि मग त्या सेनापतीने काय केलं सांगू? आपला फोन उचलला, दप्तरात कोंबला आणि चेन लावली. वर म्हणतो, "आता झारने कितीही फोन केले तरी मी घेणारच नाही!"

श्रोतेहो, मी त्याला काहीही सांगितलेलं नव्हतं. पण 30 जुलै 1914 ला नेमकं हेच घडलं. झारने 29 तारखेच्या रात्री संपूर्ण जमवाजमवीचा हुकूम खरोखरच मागे घेतला होता. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हने त्याला पुन्हा राजी केलं, आणि रशियाचा लष्करप्रमुख (चीफ ऑफ स्टाफ) यानुश्केविच याने आधीच सांगून ठेवलं होतं, की एकदा हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे तो मागे घ्यायला मला कोणी गाठूच शकणार नाही. हे मी वर्गाला सांगितलं तेव्हा तो मुलगा दप्तराकडे बघत बसला. आणि झार झालेल्या मुलीने विचारलं, "बाई, नातेवाईक होते ना ते? मग समोरासमोर का नाही बसले?"

1 ऑगस्टला जर्मनीने रशियावर युद्ध पुकारलं, 3 ऑगस्टला फ्रान्सवर, आणि बेल्जियममध्ये जर्मन फौजा शिरल्यावर 4 ऑगस्टला ब्रिटन उतरलं. वर्ग संपला तेव्हा कोणीही "लष्करवाद म्हणजे काय" असं विचारलं नाही. त्यांनी तो पाहिला होता. म्हणून पुन्हा सांगते: जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून सुरुवात करा.

आणि या तासिकेसाठी युरोपचा नकाशा मुलांकडून हाताने काढून घ्या. पडद्यावर सरसर रंग बदलणारे नकाशे मला मुळीच पसंत नाहीत. मुलं बघतात आणि विसरतात. पेन्सिलने बेल्जियम काढलेलं मूल बेल्जियम किती लहान आहे हे विसरत नाही.

बाकीचा घटक थोडक्यात. खंदकांची लढाई शिकवताना चार वर्षं उरकू नका, एक दिवस घ्या: 1 जुलै 1916, सोमची लढाई. एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे 57,470 जवान मृत, जखमी वा बेपत्ता, त्यातले 19,240 मृत. त्यानंतर दूरदेशीचे सैनिक. हिंदुस्थानातून 13 लाखांच्या आसपास माणसं या युद्धात गेली. त्यांची पत्रं सेन्सॉर वाचत असे, म्हणून ते आडून लिहीत. गोऱ्या सैनिकांना लाल मिरी, हिंदी सैनिकांना काळी मिरी. काळी मिरी संपत आली, असं घरी कळवलं की घरचे काय ते समजत. ही पत्रं मोठ्याने वाचून घ्या. इतिहासाच्या तासाला मुलांचा आवाज ऐकू आला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नुसतं मनात वाचणं पुरत नाही. शेवटी 11 नोव्हेंबर 1918 चा युद्धविराम आणि व्हर्सायचा तह. तहाची तारीख 28 जून 1919, म्हणजे सारायेव्होनंतर बरोबर पाच वर्षं. तारखा पाठ करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे, पण ही एक मुलांना स्वतः शोधू द्या.

राहिली घटक चाचणी. निकोलसची 29 जुलैच्या रात्रीची एक तार वर्गात मुद्दाम काढू नका, राखून ठेवा. ऑस्ट्रिया आणि सर्बियाचा वाद देशांमधले तंटे शांततेने सोडवू पाहणाऱ्या हेगच्या परिषदेकडे सोपवू या, असं त्यात सुचवलेलं आहे. ती तार प्रश्नपत्रिकेत छापा आणि विचारा: तुम्ही विल्हेल्म असता तर काय उत्तर पाठवलं असतं, आणि तुमच्या सेनापतीने त्यावर कोणता आक्षेप घेतला असता? उत्तरासाठी पान पूर्ण मोकळं ठेवा, आणि गुण "कारणे लिहा" या प्रश्नापेक्षा जास्त द्या.