खुर्चीच्या पायांमधली जागा

नमस्कार, श्रोतेहो.

तुम्ही बसला आहात तिथे जवळपास एखादी खुर्ची असेल, तर जरा तिच्याकडे बघा. ती कागदावर काढायची म्हटलं, तर आपण बहुतेक जण एक चौकोनी बैठक काढू, तिला चार सारखे पाय जोडू आणि मागे पाठ उभी करू. खुर्ची ओळखू येईल, पण ती तुमच्यासमोरची नसेल. बैठक चौकोनी आहे, पाय सारखे आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. डोळ्यांना मात्र बैठक चपटी नि तिरकी दिसते आणि मागचे पाय आखूड. आणि हात काढतो ते ठाऊक असलेलं.

चित्रकला शिकताना मी कित्येक महिने इथेच अडकलो होतो. खोडून खोडून कागद फाटायचा. मग आमचे सर एकदा म्हणाले, "खुर्ची काढूच नकोस. तिच्या पायांमधली जागा काढ."

त्या जागेला नाव नसतं. त्यामुळे ती कशी असते, याची मनात आधीच ठरलेली आकृतीही नसते. बघावंच लागतं. एक तिरका चौकोन, एक निमुळता त्रिकोण, पाठीच्या दांड्यांमधल्या अरुंद फटी. हे आकार मी एकाला एक लावत गेलो आणि त्यांच्या मधोमध खुर्ची उभी राहिली. पहिल्यांदाच ती जमिनीवर टेकलेली दिसली!

व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं चित्रकार व्हायचं ठरवलं ते 1880 साली, वयाच्या 27व्या वर्षी. नेदरलँड्समधल्या हेग शहरात राहत असताना, 1882 साली, त्यानं एक लाकडी चौकट करून घेतली होती. तिच्यात दोरे ताणलेले. ती दोन खांबांना अडकवून तो त्यातून समोरचं दृश्य बघायचा, म्हणजे कुठली रेघ कुठे किती कलते ते दोऱ्यांशी ताडून पाहता येई. मला हे फार मोलाचं वाटतं. इतकी ओढ असलेल्या माणसानंही नुसत्या अंदाजावर भिस्त ठेवली नाही.

जलरंगात तर ही मोकळी जागा अधिकच जपावी लागते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद. पाण्यावरची चमक, कपाच्या कडेवरचा उजेड, हे कुठे हवं ते ब्रश टेकवण्याआधीच ठरवायचं. फिक्यापासून गडदाकडे जायचं, आणि ओला रंग वाळल्यावर फिका होतो हेही धरून चालायचं. नवशिका घाईनं सगळा कागद भरून टाकतो. मीही भरले आहेत, आणि मग ओल्या ब्रशनं रंग उचलून उजेड परत आणायची धडपड केली आहे. थोडा येतो, पण मूळचा नाही.

तेव्हा आज एक पेन्सिल घ्या, साधी चालेल. एक डोळा मिटा. त्या खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमधून पलीकडची जमीन दिसते ना? तिथून सुरुवात करा.