सॅन होजे ते एमजी रोड

(दृश्य : नाशिकचा रात्रीचा एमजी रोड, मोबाइलच्या दुकानांचा. ओढलेली शटरं, बंद पाट्या.)

17 जानेवारी 2024. कॅलिफोर्नियात सॅन होजेला सकाळचे दहा, म्हणजे नाशकात रात्रीचे साडेअकरा. तिकडे सॅमसंग गॅलेक्सी एस24 अल्ट्रावरचा पडदा उघडतोय. इकडे शटरं कधीच खाली आलीत, पण मोबाइलच्या धंद्यातली माणसं घरी पांघरुणात बसून लाइव्ह बघतायत. सकाळी पहिलं गिऱ्हाईक काय विचारणार ते ठाऊक असतं. ‘कितीला पडतोय?’

256 जीबीचा 1,29,999 रुपयांना. विक्री 31 जानेवारीपासून.

जानेवारीचा शेवट म्हणजे नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचा हंगाम रंगात आलेला. असा फोन फक्त कॉलेज रोडवरची पोरंच घेतात, हा समज अर्धाच खरा. दिंडोरी-निफाडकडचा बागायतदारही घेतो, आणि भर उन्हात बागेत उभं राहून वापरतो. तेव्हा या फोनची परीक्षा आपण त्याच उन्हात घेऊ.

(दृश्य : द्राक्षबाग, दुपार. हातातल्या फोनच्या स्क्रीनवर आभाळाचं प्रतिबिंब.)

स्टेजवर सगळ्यात जास्त टाळ्या एआयला मिळाल्या. आमच्या मते खरी बातमी काचेची होती. कॉर्निंगची गोरिला आर्मर नावाची ही काच प्रकाशाचं परावर्तन 75 टक्क्यांपर्यंत कमी करते, असा कंपनीचा दावा. स्क्रीनचा उजेडही वाढला : आधीच्या एस23 अल्ट्राचा कमाल 1,750 निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप), याचा 2,600. म्हणजे मांडवाबाहेर उन्हात फोन काढला, तर हाताची सावली न धरता व्यापाऱ्याचा मेसेज वाचता येतो. बाकी फीचर्स बाजूला ठेवा, शेतात कामाचं आहे ते हे.

आता हाच फोन एमजी रोडवर आणू.

(दृश्य : काउंटर, जवळून. कारागिराचे हात.)

फोन नवा, सील आत्ता फोडलेलं. मालक बिलावर सही करतोय तोवर पोरानं ओला वाइप फिरवला, मग कोरडा, मग धूळ टिपायचं स्टिकर. वर टेम्पर्ड ग्लास ठेवली, मधोमध बोट दाबलं, आणि बुडबुडा कडेकडेनं पळत बाहेर गेला. पोरगा खूश आहे. एस23 अल्ट्राची स्क्रीन कडेला वळलेली होती. तिच्यावर काच बसवायची तर यूव्हीचा गोंद ओता, दिवा लावा, शिवाय कडेनं हवा धरायची ती वेगळीच. एस24 अल्ट्राची स्क्रीन सपाट, मिनिटाचं काम.

फक्त एवढंच झालं, की जिच्यासाठी सव्वा लाख मोजले ती न चमकणारी काच दोन-अडीचशे रुपयांच्या चमकणाऱ्या काचेखाली गेली. आता ऊन परावर्तित होतं ते वरच्या काचेवरून. टायटॅनियमच्या चौकटीचीही तीच गत. तिला कव्हर चढलं, रंग कुठला घेतला होता तेसुद्धा दिसेना. पण फोन पडला तर? या प्रश्नापुढे नाशकात कुठलीच काच टिकत नाही, आणि आम्ही तरी कुठल्या तोंडानं बोलणार!

(दृश्य : द्राक्षाचं पान उलटं धरलेलं.)

कॅमेरा 200 मेगापिक्सेलचा. हा आकडा खोक्यावर छान दिसतो. प्रत्यक्षात नेहमीच्या मोडमध्ये सोळा पिक्सेल मिळून एक होतो आणि फोटो निघतो 12 मेगापिक्सेलचा. ही काही फसवणूक नव्हे. सोळांनी मिळून गोळा केलेला प्रकाश अंधुक जागी कामाला येतो.

पण बागेत काय होतं बघा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी या बुरशीच्या रोगाची धास्ती. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग, उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. तो डाग टिपायला फोन पानाच्या अगदी जवळ नेला, की मुख्य लेन्सला तेवढ्या जवळचं फोकस जमत नाही. फोन आपणहून अल्ट्रावाइडवर, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो, आणि ती 12 मेगापिक्सेलची. त्यातून फोटो जातो सल्लागाराच्या व्हॉट्सॲपवर, तिथे तो आणखी दाबला जातो. सल्लागाराचा उलट मेसेज येतो : ‘भाऊ, नीट दिसत नाही. परत काढा.’ यावर साधा उपाय आहे. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे काढला तसाच पोहोचतो.

झूमबद्दल बरीच ओरड झाली. आधीची दहापट ऑप्टिकल लेन्स काढून पाचपटीची, पण 50 मेगापिक्सेलची दिली. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर उंचावर कोरलेली ब्राह्मी अक्षरं टिपायला पाचपट पुष्कळ झाली. शंभरपटीनं चंद्र ओढायचा शौक असेल, तर तो एका रात्रीत फिटतो.

आणि ते एआय. फोनवर बोलता बोलता भाषांतर करणारं फीचर आलं तेव्हा त्यात तेरा भाषा होत्या. भारतीय म्हणाल तर एकटी हिंदी. पोलिश होती, थाई होती, मराठी नव्हती. पिंपळगावच्या मार्केटात लिलाव ज्या भाषेत पुकारतात, तिच्यासाठी सव्वा लाखाचा फोन मुकाच.

मग पैसे कशाचे द्यायचे? सात वर्षांचे. अँड्रॉइडच्या सात नव्या आवृत्त्या आणि सात वर्षं सुरक्षा अपडेट, असा शब्द सॅमसंगनं दिला. 2023च्या ऑक्टोबरात गुगलनं पिक्सेल 8ला तो आधी दिला होता. म्हणजे हा फोन 2031पर्यंत बँकेच्या ॲपला चालेल. मधे बॅटरी मात्र बदलावी लागणार; 5,000 एमएएच असो की कितीही, लिथियमची बॅटरी सात वर्षं जोमात राहत नाही.

(दृश्य : पुन्हा एमजी रोड, दिवसा. सेकंड हँडचं काउंटर.)

22 जानेवारी 2025ला एस25 अल्ट्रा आला. 232 ग्रॅमचं वजन 218वर उतरलं, जवळून फोटो काढणारी अल्ट्रावाइड 50 मेगापिक्सेलची झाली, भारतातली सुरुवातीची किंमत तीच राहिली. जुने अल्ट्रा काउंटरच्या काचेखाली येऊन बसले. आमचं मत विचाराल, तर नाशिककरानं घ्यायचा तो इथूनच : किंमत उतरलेली, अपडेटची बरीच वर्षं शिल्लक.

घेताना बिल मागा, खोकं मागा. मग डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसेल. तो खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. केवायएम असं इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो आकडा टाका आणि 14422 वर एसएमएस करा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथल्या तिथे कळतं. मेसेज येईपर्यंत पैसे खिशातच ठेवायचे, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी.