वाहत्या पाण्याची उंची मोजताना

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातल्या मांडवी नदीच्या मुखाशी पाण्याची पातळी मोजायची तर तळाशी एक दाबमापक ठेवला की झालं, असं वाटतं. वर जितकं पाणी, तितका दाब. साचलेल्या पाण्यात हा हिशेब चोख बसतो. पण मांडवीचं पाणी उभं राहत नाही. ओहोटीला ते उपकरणाला वळसा घालून धावतं आणि धावताना, उपकरण ज्या छिद्रातून दाब मोजतं त्या छिद्रापाशी दाब बदलतो. प्रवाह सेकंदाला 1 मीटर असेल तर या एका कारणाने सुमारे 5 सेंटिमीटरची चूक होऊ शकते. वेग दुप्पट झाला की चूक चौपट, म्हणजे 20 सेंटिमीटर! उधाणातही आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक साधारण 2 मीटरच असतो. त्यातले 20 सेंटिमीटर खोटे निघाले, तर बंदराने आणि पुराचा अंदाज बांधणाऱ्यांनी कशावर विसंबायचं?

दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या छिद्रावरच काम केलं. दोन आडव्या, समांतर चकत्यांच्या मधे छिद्र ठेवलं, की पाणी कुठल्याही दिशेने आलं तरी दाब फारसा ढळत नाही. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. शांत पाण्यासाठी बनलेलं यंत्र आणून इथे बुडवण्यापेक्षा इथल्या प्रवाहाला विचारून ते घडवलं गेलं.

पावसाळ्यात दुसरी अडचण येते. नदीला गोडं, गढूळ पाणी येतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे 10 मीटर खोलीवर हिशेबात सुमारे 25 सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. गाळ वजन वाढवतो, तो वेगळाच. म्हणून रडारचा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. वेरे इथे मांडवीवर असं यंत्र बसवलं गेलं. ते पाण्याला शिवतच नाही. वरून लहरी सोडतं, परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढतं आणि आकडे मोबाइल नेटवर्कवरून पाठवतं. त्याला कालवं चिकटत नाहीत, जाळी अडकत नाहीत.

प्रवाहाचा वेग मात्र पाण्यात उतरूनच मोजणं बरं. तळावरचं यंत्र ध्वनी सोडतं, पाण्यासोबत वाहणाऱ्या बारीक कणांवरून तो परततो आणि त्याच्या बदललेल्या स्वरावरून प्रत्येक खोलीवरचा वेग कळतो. पण वरून बार्जी जातात, ट्रॉलरची जाळी तळ खरवडत येतात. यंत्राभोवती बसवलेल्या उतरत्या कडांच्या चौकटीवरून जाळं घसरून जातं खरं, तरी जागा चुकली तर यंत्रही जातं आणि गरीब मच्छीमाराचं जाळंही फाटतं.

ती जागा नकाशावर बोट ठेवून ठरवू नये, असं मला कळकळीने वाटतं. जाळी कुठे ओढली जातात, तळ कुठे खडकाळ आहे, हे तांडेलांना, म्हणजे होड्या हाकणाऱ्या प्रमुखांना, पाठ असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात. शास्त्रज्ञांनी तेव्हा मालीमच्या मासेमारी धक्क्यावर जावं, तांडेलांसोबत बसावं आणि पुढच्या हंगामात यंत्रं कुठे उतरवायची ते तिथेच ठरवावं.

नमस्कार.