हुइनमांच्या देशातली रीत

श्रोतेहो, नमस्कार. लिलिपुटची वीतभर उंचीची माणसे आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीची असतात. पण १७२६ साली लंडनमध्ये निघालेल्या जोनाथन स्विफ्टच्या त्याच ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या पुस्तकाच्या चौथ्या भागात प्रवासी गलिव्हर हुइनम नावाच्या विचारी, बोलत्या घोड्यांच्या देशात पोहोचतो, आणि मुलांसाठी केलेल्या आवृत्त्यांत हा भाग बहुधा गाळलेला असतो. त्या घोड्यांच्या चालीरीतींविषयी आज बोलायचे आहे.

हुइनमांना लोखंड ठाऊक नाही. पुढच्या पायाच्या खुरावरच्या खळगीत वस्तू धरून ते गाई दोहतात आणि गारगोटीच्या हत्यारांनी ओटची कापणी करतात. एक पांढरी घोडी तर गलिव्हरच्या सुईत दोराही ओवून दाखवते.

त्यांची लग्ने संततीचा रंग विजोड होऊ नये हे पाहून आईबाप आणि आप्त ठरवतात. एक नर आणि एक मादी अशी दोन शिंगरे झाली की दांपत्याचा सहवास संपतो, आणि एखाद्या घरी दोन्ही नरच झाले, तर दोन माद्या असलेल्या घराशी एकाची अदलाबदल होते. सगळ्यांच्या लेकरांवर माया सारखीच, त्यामुळे या व्यवहारात कोणाचे डोळे ओलावत नाहीत. एक घोडी गलिव्हरच्या यजमानाकडे ठरलेल्या भेटीला उशिरा येते आणि कारण सांगते, की पती सकाळीच वारला, देह कोठे ठेवावा याची नोकरांशी मसलत करण्यात वेळ गेला. मग इतरांइतक्याच प्रसन्नपणे ती तेथे वावरते. गलिव्हर या समाजावर लुब्ध आहे. मला मात्र येथे थंडी वाजते.

शिवाय पांढरे, तांबूस आणि लोखंडी करड्या रंगाचे घोडे जन्मभर चाकरच राहतात आणि आपल्या रंगाबाहेर सोयरिकीचा विचारही करत नाहीत. ही उतरंड आपल्याला परकी वाटू नये.

दर चार वर्षांनी वसंतसंपाताला त्यांची महासभा भरते. कोणत्या प्रांतात गवत, ओट किंवा गाई कमी आहेत हे पाहून तेथेच एकमताने भरपाई होते. वाद एकाच विषयावर होतो: याहू नावाच्या, माणसाच्या आकाराच्या ओंगळ जनावरांचा समूळ नाश करावा की नाही. त्यावर गलिव्हरचा यजमान सौम्य तोडगा सुचवतो, की तरुण याहूंचे खच्चीकरण करावे. ही युक्ती त्याला गलिव्हरकडूनच कळलेली असते, कारण गलिव्हरच्या देशात माणसे घोड्यांना याच रीतीने माणसाळवत असत.